कॅमेऱ्याचं अल्पमत

मुष्टियुद्धाच्या पंचाचं मत चुकलं हे कसं ओळखायचं, हा अवघड प्रश्न विभागीय मंडळानं कायमचा निकाली काढला होता. जे बाकीच्या चौघा पंचांपेक्षा वेगळं, ते चुकलेलं.

औशाचे क्रीडाशिक्षक मन्मथ बिराजदार यांचं मत असं दोनदा चुकलं होतं. एकदा तर त्यांनी ठोसे मारणाऱ्या मुलाला गुण दिले आणि बाकी चौघांनी खाणाऱ्याला. मंडळानं खुलासा मागवला. ‘दिसलं ते दिलं,’ असा खुलासा बिराजदारांनी केला. तो ‘उद्धट’ या शेऱ्यासह दप्तरी दाखल झाला. आता तिसऱ्यांदा मत चुकलं तर पंचगिरी जाणार होती, आणि पंचगिरीबरोबर मंडळाचा कोटही. औशात त्या कोटाला वजन होतं. भर एप्रिलात तो घालून ते बाजारात निघाले, की सरजाबाई भाजीवाली जुडी पुढं करून म्हणायची, “शेपू घ्या, पंचसाहेब.” कोट गेल्यावर ती काय म्हणेल, या विचारानं त्यांना झोप लागत नव्हती.

नांदेडला मुलींच्या अंतिम लढतीसाठी ते बसले ते असे जपून. लाल कोपऱ्यात लातूरची सिंधु, निळ्या कोपऱ्यात किनवटच्या वसतिगृहातली साक्षी. जिंकेल ती राज्याच्या संघात जाणार होती.

पहिल्याच फेरीत साक्षीनं सिंधुला दोरापर्यंत रेटलं आणि तिचं नाक फोडलं. बिराजदारांचं बोट आपसूक निळ्या बटणावर गेलं आणि तिथंच अडलं. त्यांना निळी दिसत होती, यात वाद नव्हता. पण बाकीच्या चौघांना काय दिसत असेल? त्यांनी हळूच मान वळवली. चौघंही रिंग सोडून एकमेकांकडं बघत होते. परभणीच्या तारामती मॅडम तर थेट त्यांच्याकडंच. नजरानजर झाली आणि दोघांनीही छताचा पंखा पाहिला.

शेवटी पाचही जणांच्या नजरा एका खात्रीच्या जागी जाऊन टेकल्या. लाल कोपऱ्यामागच्या सोफ्यावर मंडळाचे अध्यक्ष अमृतराव दुपारचं भरपेट जेवण करून बसले होते. सिंधुनं हवेत एक ठोसा मारला. साहेबांची मान हलली. तिनं आणखी एक हवेत मारला. मान आणखी हलली. पाच बोटं लाल बटणावर पडली. दुसऱ्या फेरीत सिंधु खाली बसली, रिंगमधल्या पंचानं आठपर्यंत मोजलं, तेव्हा साहेबांची हनुवटी छातीला टेकली. इतकी गाढ पसंती बिराजदारांनी आजवर पाहिली नव्हती.

निकाल लागला. लाल, पाच-शून्य.

चहाच्या टेबलाशी तारामती मॅडमनी फुंकर घालत विषय काढला. “निळ्या पोरीनं लई मारलं हो.”

“लईच,” बिराजदार म्हणाले.

“मग तुम्ही लाल कशाला दिलं?”

“तुम्ही देणार म्हणून. तुम्ही?”

“मी साहेबांची मान बघितली.”

बाकी तिघांनीही मानच बघितली होती. एवढ्यात साहेब डोळे चोळत आले. “लागला का निकाल? कोण आलं?”

“लाल, साहेब. एकमतानं.”

“एकमत हाय ना, मग विषयच न्हाई.”

विषय घेऊन साक्षीचे प्रशिक्षक धम्मानंद आले. मोबाइलवर सगळी लढत होती. अमृतरावांनी ती चष्मा लावून पाहिली, एक ठोसा तर पुन्हा लावायला सांगितला, आणि म्हणाले, “कॅमेऱ्याचं मत निळ्याकडं दिसतंय. मान्य. पण ते एक झालं. पाच विरुद्ध एक.”

“साहेब, कॅमेऱ्याला मत नसतंय. जे झालं ते दिसतंय.”

“हाच उद्धटपणा मागं एका पंचानं केला होता.”

बिराजदार चहाच्या कपात बघत राहिले.

तेवढ्यात नाकात कापूस घातलेली सिंधु पुढं आली. “सर, मीच हरले की. मला ठावं हाय ना, मार मी खाल्ला.”

“पाच विरुद्ध दोन,” अमृतराव म्हणाले. “आणि बाळ, रिंगच्या आतून सगळं दिसत नसतंय. त्यासाठी तर पंच बाहेर बसवलेत.”

साक्षी बिराजदारांपुढं येऊन उभी राहिली. “सर, अजून किती मारायचं होतं?”

“मारण्यात कमी नव्हतं, पोरी,” बिराजदार कोटाची गुंडी चाचपत म्हणाले. “एकमतात कमी पडलीस.”

धम्मानंद हटेनात. तेव्हा अमृतराव स्वतः माइकपाशी गेले. ते लोकशाही मानणारे गृहस्थ होते. “सभागृह भरलेलं आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. निळी जिंकली असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा. एक हात आला तरी फेरविचार करू.”

प्रत्येकानं आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं. बिराजदारांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की कुणीतरी पहिला हात वर केला तर दुसरा आपला, कोट गेला तर गेला. ते रांगेमागून रांग बघत चालले. शेवटून तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, एक हात खरोखरच वर निघाला. खांद्यापर्यंत आला. मग त्या हाताच्या मालकानं शेजारी पाहिलं, आणि हात कानाशी थांबून कान खाजवू लागला.

साक्षी राज्याच्या संघात गेली नाही. बिराजदार यंदा राज्याच्या पंचांत गेले. कान खाजवणाऱ्याचा तो चेहरा त्यांना अजून आठवतो; पण तिथं उजेड कमी होता, त्यामुळं ते तुम्हीच होता असं ते शपथेवर सांगणार नाहीत. बाकीच्या चौघांनी सांगितलं, तर मात्र सांगतील.