तिसरी फुली

"मी दाराशी बसलेला असताना या घरात कुणाची गैरहजेरी लागत नाही," असं टाइमकीपरनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती आणि लेक पाठीला मलम चोळत होती. दोघींनीही मान वर केली नाही. टाइमकीपरना घरात अशाच श्रोत्यांची सवय होती.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांना सगळे टाइमकीपरच म्हणत. चौतीस वर्षं ते कारखान्याच्या फाटकाशी बसले. एक मिनिट उशीर झाला की लाल पेन्सिलीची फुली, तीन फुल्या झाल्या की एक रजा गेली. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी फुली मारली होती, आणि मेव्हणा त्या दिवशी त्यांच्याच घरून चहा पिऊन निघाला होता. अशा माणसाच्या पोटच्या पोरीच्या नावावर दोन फुल्या लागल्या होत्या. तिसरी लागली की तिचं सगळं करिअर आडवं. हे त्यांच्या फारच जिव्हारी लागलं होतं.

लेक वेटलिफ्टर. तिचं वजन उचलणं सुरू झालं तेही टाइमकीपरांच्या पेन्सिलीमुळेच. चौदा वर्षांची असताना ती एकदा वडिलांचा डबा घेऊन फाटकावर गेली. लाल पेन्सिल घरंगळून हजेरीच्या लोखंडी यंत्राखाली गेली होती आणि तीन माणसं ते यंत्र सरकवायला कुणाला बोलवावं यावर चर्चा करत होती. पोरीने डबा खाली ठेवला, यंत्राची एक बाजू वर उचलली आणि म्हणाली, "घ्या ना बाबा, किती वेळ धरू?" स्टोअरमधला कारकून संध्याकाळी व्यायामशाळा चालवायचा. त्याने ते बघितलं आणि तो तिचा कोच झाला, तो आजतागायत.

पहिलं ऑलिंपिक बाविसाव्या वर्षी. तिथे तिचे स्नॅचचे, म्हणजे वजनाचा बार एका दमात डोक्यावर नेण्याचे, तिन्ही प्रयत्न फुकट गेले. निकालाच्या यादीत तिच्या नावापुढे आकडाच नव्हता. दुसरं सव्विसाव्या वर्षी, तिथे चौथा नंबर, आणि पदक हुकलं ते एका किलोने. एक किलो म्हणजे किती, हे टाइमकीपरांच्या बायकोला त्या दिवसापासून साखरेची पुडी हातात घेतली की आठवायचं. आता लेक तिशीला आली होती, पाठ कुरकुरत होती, आणि तिसरं ऑलिंपिक चार महिन्यांवर होतं. यानंतर चौथं नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं एवढंच.

टाइमकीपरनी मात्र यातलं एकही वजन डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. स्पर्धेत लेक बारकडे चालायला लागली की ते हॉलबाहेर जात. टीव्हीवर असेल तर गॅलरीत जात. मग बायको आतून सांगायची, "उचललं," नाहीतर काहीच सांगायची नाही.

आता त्या फुल्यांचं. उत्तेजक औषधांच्या तपासणीसाठी खेळाडूला रोजचा एक तास कळवून ठेवावा लागतो, की या तासात मी अमुक पत्त्यावर सापडेन. तपासनीस न सांगता येतात. त्या तासात खेळाडू सापडला नाही की एक गैरहजेरी. वर्षात अशा तीन झाल्या की दोन वर्षांची बंदी. टाइमकीपरना हा नियम फार आवडला होता. फक्त तो कारखान्यात असता तर आणखी आवडला असता.

लेकीचा तास सकाळी सहा ते सात, पत्ता घरचा. पहिली गैरहजेरी तिची स्वतःची. मावशीकडे राहायला गेली आणि पत्ता बदलायला विसरली. ती तिने कबूल केली. दुसरी मात्र टाइमकीपरांच्या मते सरळ सरळ अन्याय होता. त्या दिवशी ते फिरायला गेले होते. लेक घड्याळात सात वाजल्यावर निघाली, आणि तपासनीस बाई त्यानंतर आल्या. बायकोने स्पष्ट सांगितलं होतं, "घड्याळात सात वाजून तीन मिनिटं झाली होती." तरी कागदावर लागली गैरहजेरी! टाइमकीपरनी तीन पानांची तक्रार पाठवली. तिला एका ओळीचं उत्तर आलं. लेक त्यावर काहीच बोलली नाही, आणि पोरगी फार मऊ निघाली याचं त्यांना वाईट वाटलं.

कारण घड्याळावर शंका घ्यायची सोयच नव्हती. भिंतीवरचं ते मोठं गोल घड्याळ म्हणजे कारखान्याच्या फाटकाचं घड्याळ. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना तेच भेट दिलं होतं. दर रविवारी ते स्टुलावर चढून त्याला चावी देत, आणि दुसऱ्या कुठल्याही घड्याळाकडे बघत नसत. गेल्या चार वर्षांत जग थोडं थोडं मागे पडत चाललं आहे हे मात्र त्यांच्या लक्षात आलं होतं. बस उशिरा येते. बातम्या उशिरा लागतात. शेजारचे डॉक्टर दवाखाना उशिरा उघडतात. शिस्त म्हणून राहिली नाही कुठे.

म्हणून त्यांनी सूत्रं हाती घेतली. रोज पावणेसहाला दाराशी खुर्ची. बरोबर सहाला दाराला आतून कुलूप, म्हणजे कोणी दूध आणायलाही खाली जायला नको. कुलूप कारखान्याच्या गोदामाचं, नारळाएवढं. किल्ली सदऱ्याच्या खिशात. सात वाजले की ते कुलूप काढत आणि "सुटलात" म्हणत. लेक मात्र सुटल्यावरही लगेच निघायची नाही. पाव तास फोनमध्ये डोकं घालून बसायची. टाइमकीपर म्हणत, ही हल्लीची पिढी.

आणखी एक नियम कोचने घालून दिला होता. लेकीने घरात काहीही उचलायचं नाही. पाठ जपायची. त्यामुळे देशातली सगळ्यात ताकदवान बाई सोफ्यावर बसून असायची आणि तिचे चौसष्ट वर्षांचे वडील तिच्यासमोरून पाण्याची बादली नेत असायचे.

अठराव्या दिवशी घड्याळात सहा सत्तावीस झाले असताना बेल वाजली. टाइमकीपर बनियनवर होते. बाहेरून शांत आवाज आला, "तपासणीसाठी आले आहे. खेळाडू घरात आहेत का?"

"हजर आहे," टाइमकीपर म्हणाले. हा शब्द उच्चारायला ते अठरा दिवस थांबले होते. त्यांनी ऐटीत खिशाकडे हात नेला, आणि बनियनला खिसा नसतो हे त्यांना आठवलं.

सदरा खुर्चीच्या पाठीवर होता. म्हणजे दहा मिनिटांपूर्वी होता. आता तो कपडे धुण्याच्या यंत्रात गोल फिरत होता, आणि काचेतून दर फेरीला त्याचा खिसा येऊन जात होता. बायको म्हणाली, कॉलर किती मळली होती बघितलंत का. यंत्रावर पंचावन्न मिनिटं दिसत होती. यंत्र बंद करून बघितलं तर आत पाणी असल्याने त्याचं दार उघडेना. टाइमकीपरनी ते ठोकलं, विनवलं, पुन्हा सुरू केलं. यंत्राने पंचावन्नच दाखवली.

मग वाटाघाटी सुरू झाल्या. कुलूप तसंच ठेवून दार ओढलं की दोन बोटांची फट पडायची. त्यातून बाईंना लेकीचा एक डोळा आणि अर्धी भुवई दिसली. बाई म्हणाल्या, डोळा कुणाचाही असू शकतो. लेकीने दाराखालून ओळखपत्र सरकवलं. बाईंनी ते वाचलं आणि ओळखपत्र आलं पण माणूस आलं नाही असं सांगून परत सरकवलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खेळाडू पूर्ण दिसायला हवी होती आणि त्यानंतर नजरेआड व्हायला नको होती. सात वाजेपर्यंत त्या जिन्यात थांबणार होत्या. त्यानंतर कागद भरून जाणार होत्या.

टाइमकीपरनी कुलपावर हातोडी चालवली. हे कुलूप फुटत नाही असं ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत आले होते, आणि ते खरं होतं. हातोडी उडाली, अंगठा सुजला. लेक दोनदा पुढे आली आणि दोनदा त्यांनी तिला पाठीची आठवण करून सोफ्यावर बसवलं. घड्याळात सहा पन्नास झाले. सहा पंचावन्न झाले. टाइमकीपर दर मिनिट मोठ्याने पुकारू लागले. बाहेरून बाई म्हणाल्या, "काका, घाई करू नका, वेळ आहे," आणि खोटं गोड बोलणाऱ्या माणसांची टाइमकीपरना पहिल्यांदाच चीड आली.

मग घड्याळात सात वाजले.

टाइमकीपर खुर्चीत बसले. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो फुल्या मारल्या होत्या, पण पलीकडच्या माणसाला आत काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं. आता कळलं. सोळा वर्षं पोरीने लोखंड उचललं होतं, आणि ते आपण एका कुलपाने संपवलं, तेही घरातल्या घरात.

"संपलं," ते म्हणाले.

"नाही संपलं," लेक फोन खिशात टाकत म्हणाली. "आई, बिजागऱ्यांच्या खिळी काढ. बाबा, तुम्ही बाजूला व्हा."

तिने कमरेला पट्टा बांधला, हाताला पांढरी पूड लावली. टाइमकीपर सवयीने उठले आणि बाहेर जायला निघाले. पण बाहेर जायचं दार तेच होतं, आणि गॅलरीच्या वाटेवर बायको स्टूल घेऊन उभी होती. इलाज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बघावं लागलं.

बायकोने वरची खीळ ठोकून काढली, मग खालची. दार जुनं, जाड लाकडाचं, एवढं जड की चौघांनी बसवलं होतं. लेकीने खाली बसून त्याची कड धरली. एक श्वास घेतला. तिचा चेहरा असा होतो हे टाइमकीपरना माहीत नव्हतं. रागावलेला नाही, घाबरलेला नाही, फक्त दुसरं कुणीच जगात नसल्यासारखा. मग दार चौकटीतून अलगद वर आलं आणि आत सरकलं. एका बाजूने ते कुलपाला लटकलेलं, दुसऱ्या बाजूने लेकीच्या हातात. मधल्या जागेतून तपासनीस बाई पिशवी सांभाळत आत आल्या. लेकीने दार आवाज न करता भिंतीला टेकवलं.

"उचललं," बायको सवयीने म्हणाली.

"बघितलं," टाइमकीपर म्हणाले, आणि डोळे पुसायला सदरा शोधू लागले.

बाईंनी लेकीला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, ओळखपत्राशी ताडलं आणि कागदावर लिहिलं, सहा एकोणपन्नास. टाइमकीपरनी ते वाकून वाचलं. भिंतीवर सात वाजून चार मिनिटं झाली होती. पोरीच्या फायद्याची असली तरी खोटी नोंद त्यांना सहन होईना. त्यांनी तसं सांगितलं. बाईंनी मनगट पुढे केलं. लेकीने फोन पुढे केला. बायकोने स्वयंपाकघरातला रेडिओ लावला, आणि त्यात सातच्या बातम्या सुरू व्हायला अजून अकरा मिनिटं होती.

टाइमकीपर सावकाश खाली बसले. फाटकाचं घड्याळ दर महिन्याला एक मेकॅनिक येऊन उघडायचा. तो तेलपाणी करतो असं त्यांनी धरून चाललं होतं. तो पुढे गेलेलं घड्याळ मागे घेत होता. गेली चार वर्षं ते कुणीच मागे घेतलं नव्हतं. म्हणजे बस वेळेवर येत होती. डॉक्टर वेळेवर दवाखाना उघडत होते. आणि ज्या दिवशी लेक सात वाजता निघाली, त्या दिवशी सात वाजलेच नव्हते. कुणी विचारलं नव्हतं. हे ते मोठ्याने बोलले नसते तरी चाललं असतं.

"दुसरी गैरहजेरी तुझी नव्हती," ते लेकीला म्हणाले. "माझी होती."

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तोवर रोज मी कोचच्या स्कूटरच्या हॉर्नवर निघायचे. त्या दिवशी स्कूटर बंद पडली, म्हणून घड्याळ बघून निघाले. व्यायामशाळेत पोचले तर तिला अजून कुलूप."

"मग सांगितलं का नाहीस?"

लेकीने पट्टा सोडला. "तुम्ही तीन पानं लिहायला बसला होता. माझ्यासाठी एवढं कधी लिहिलं नव्हतंत. आणि माझं काय अडत होतं? मी फोन बघून निघत होते."

टाइमकीपरना रोजचा तो पाव तास आठवला. अठरा दिवस पहारा कोण करत होतं, हे एकदा नीट तपासायला हवं होतं. पण ते काम त्यांनी पुढे ढकललं.

नमुना द्यायला लेकीला दीड तास लागला, कारण ती साडेपाचलाच बाथरूमला जाऊन आली होती. तोवर बाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात, गॅलरीत आणि पुन्हा सोफ्यावर आल्या. कोच आला, चौकटीतून निखळलेलं दार आणि लेकीच्या हातावरची पूड बघून त्याने डोक्याला हात लावला. लेक म्हणाली, पाठ ठीक आहे. त्याने तरी ती दोनदा दाबून बघितली. यंत्र थांबलं, सदरा निघाला, किल्ली स्वच्छ धुऊन निघाली.

सगळं आवरल्यावर बाईंनी कागद टाइमकीपरपुढे ठेवला. घरातला साक्षीदार म्हणून एक सही हवी होती. सही करायला त्यांचा हात पक्का होता. पण सहीशेजारी आणखी एक छोटा चौकोन होता, आणि बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "इथे वेळ लिहा, काका."

टाइमकीपरनी पेन टेकवलं. मान सवयीने भिंतीकडे वळली, ती त्यांनी अर्ध्यावरच थांबवली. चौकोनाकडे बघितलं. बायकोकडे बघितलं. शेवटी घसा साफ करून, फाटकाशी उशिरा आलेला माणूस विचारतो तितक्या हळू आवाजात त्यांनी बाईंना विचारलं, "किती वाजले?"