सहावं लेकरू

दिनकरभाऊ रिकाम्या खोलीतसुद्धा दार वाजवल्याशिवाय शिरत नाहीत. टकटक करतात, "येऊ का?" म्हणतात आणि मान तिरकी करून थांबतात. आतून कुणी बोलणार नाही हे त्यांना माहीत, मला माहीत. पण ते असे थांबले ना, की माझेही कान टवकारतात हो. वाटतं, आता आतून खरंच कुणी 'या' म्हटलं तर?

भाऊ आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतात, एकटेच. मूळचे सायखेड्याचे. धंदा एसी बसवण्याचा, पण खिडकीत एक डबा ठोकला आणि निघाले असला नव्हे. गच्चीवर एकच भलं मोठं यंत्र आणि त्याच्या जिवावर खाली खोल्याखोल्यांत वेगवेगळी मशिनं, असली कामं. गच्चीवरच्या यंत्राला ते 'आई' म्हणतात आणि खालच्यांना 'लेकरं'. बायको शालन जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मला वहिनी म्हणतात आणि माझ्या चहाला गरम पाणी. तरी रोज पितात.

माझी सून क्षितिजा हाडामासाच्या व्यायामाची डॉक्टर, म्हणजे फिजिओथेरपिस्ट. चांगली नोकरी सोडून तिनं गंगापूर रोडला स्वतःचा दवाखाना काढायचा घाट घातला. एसी अर्थातच भाऊंचे; खोल्यांतली लेकरं मात्र त्यांच्या हाताखालच्या माणसांनी जुन्या नकाशावरून आधीच टांगली होती. उद्घाटन एका दिवसावर आलं, बोलावणी गेलेली, आणि मशिनं अजून चालू करून बघायची होती. पोरीचा जीव टांगणीला. मी डबा घेऊन गेले, तर भाऊ दाब दाखवणाऱ्या एका काट्यासमोर मांडी घालून बसलेले. पंप लावून नळ्यांतली सगळी हवा त्यांनी ओढून काढली होती.

"आता आत काय आहे भाऊ?"

"काही नाय."

"मग बघताय काय एवढं?"

"तेच. काही नाय, ते तसंच राहतंय का."

मीही डबा हातात धरून त्या काट्याकडे बघत बसले.

मग गॅस सोडला, आणि भाऊ गच्चीवर गेले. खाली खोल्यांमधून हलकेच हू... असा आवाज सुरू झाला. फर्निचरवरचे प्लास्टिकचे कागद फुगायला लागले. कोपऱ्यात क्षितिजानं पेशंटना दाखवायला प्लास्टिकचा सांगाडा आणून ठेवलाय, त्याचा जबडा वाऱ्यानं टकटक वाजू लागला. भरदुपारी मला शाल पांघरावीशी वाटली.

भाऊ खाली आले ते उतरलेल्या चेहऱ्यानंच.

"वहिनी, खोल्या किती हायेत?"

"पाच की."

"आई सहा म्हणती."

"काका, मशिन चुकलं असेल," क्षितिजा म्हणाली.

"मॅडम, आईला लेकरं मोजता येत्यात."

निघाले शोधायला. प्रत्येक खोलीचं दार वाजवायचं, "येऊ का?" म्हणायचं आणि आत जाऊन मशिनच्या तोंडाशी पालथा तळवा धरायचा. खिशात मोजायचं यंत्र असतं, ते नंतर. "चालू हाय का नाय, ते आधी हाताला इचारावं," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. जाता जाता त्यांनी सांगाड्याच्याही नाकाशी हात धरला. "हा नाय," म्हणाले आणि पुढं गेले. मी हसले, पण ते हसू काही फार टिकलं नाही.

कारण मग त्यांनी एकेक करत पाचही मशिनं बंद केली. सांगाड्याचा जबडा थांबला. आणि त्या शांततेत, कुठूनतरी, हू... चालूच.

आम्ही भिंतींना कान लावत हिंडलो. मागच्या बाजूला सुतारानं नवीकोरी लाकडी भिंत उभी केली होती. तिला मी गाल लावला तर गार! आतून कुणीतरी सावकाश श्वास सोडत होतं.

सुताराला, गणपत मिस्त्रीला, बोलावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, मागची ती एवढीशी खोली नको म्हणालात ना? मग प्लाय मारून टाकला."

"आणि आतलं मशिन?"

"ते मला वाटलं भाऊ काढून नेतील."

"आन माझ्या माणसांना वाटलं खोली हाये," भाऊ म्हणाले.

क्षितिजा रडकुंडीला आली. "उद्या माणसं येणार आणि आज भिंत फोडायची? काका, ते वरून बंद करून टाका ना. राहू दे आत."

"कोण बघतंय आत," गणपतनं री ओढली.

इतक्या वर्षांत भाऊंचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "आत कोणीतरी श्वास घेतंय, आन तुम्ही म्हणता दार लोटून घ्या?"

मग तेच ओशाळले. "म्हंजे, पाणी साचंल मॅडम आत. पुढं पेशंटच्या डोक्यावर गळंल." ते कारण खरं होतं, धंद्यातलं होतं. पण आधीचं वाक्य कुठून आलं, हे मला कळेना.

पहिला घाव घालण्याआधी भाऊंनी ती भिंत वाजवली. "येऊ का?"

फळी निघाली. गार झोत अंगावर आला. आत काळोख, आणि काळोखात पांढरं कुणीतरी दोन्ही हात हलवत आम्हाला बोलावत होतं. क्षितिजानं माझ्या दंडात नखं रुतवली.

"आयला, माझा शर्ट!" गणपत ओरडला. "ह्याच्यापायी बायकोचं किती ऐकून घेतलं मी!"

खिळ्याला टांगलेला शर्ट वाऱ्यावर झुलत होता. आम्ही पोट धरून हसलो. भाऊ तेवढे हसले नाहीत. त्यांनी आत जाऊन मशिनसमोर तळवा धरला. "चालू हाय," म्हणाले, आणि खालीच बसले.

गणपतनं तिथं दार बसवायला घेतलं. संध्याकाळपर्यंत होईल म्हणाला. एवढ्या भानगडीनं मी थकले होते, एका खाटेवर जरा आडवी झाले, तिथंच डोळा लागला. जाग आली ती नाकाशी काहीतरी जाणवलं म्हणून. डोळे उघडते तर समोर तळवा.

"भाऊ! काय हे!"

"काही नाय वहिनी. चालू हाय." हात मागं घेतला, पण जाईनात. सांगाड्याकडे बघत म्हणाले, "शालन अशीच दुपारची निजली होती. मला कामाची घाई. झोप मोडाया नको म्हणून दार लोटून घेतलं आन गेलो. हात लावून बघितला नाय वहिनी. वाजवलंपण नाय."

मी उठले आणि थर्मासमधला चहा ओतून दिला. गरम पाणी म्हणाले नाहीत त्या दिवशी.

उद्घाटन छान झालं. सगळ्यांनी विचारलं, हे मागचं दार कसलं? क्षितिजा म्हणाली, "सहावी खोली."

हल्ली सकाळी दूध घेतलं की मी समोरचं दार वाजवते. "भाऊ, येऊ का?" आतून चपला फरफटल्याचा आवाज येतो, आणि मग, "चालू हाय वहिनी!"

मधे जो थोडा वेळ जातो ना, तेवढ्यात मी मान तिरकी करून उभी असते.