आमच्या घरात होता

आमच्या जनूमामाला जगातली कुठलीही वस्तू दाखवा, तो म्हणणार, "हा आमच्या घरात होता." लग्नाच्या हॉलमधला सोफा असो की टीव्हीवरचा राजवाडा. अर्नाळ्याच्या त्याच्या दोन खोल्यांत हे सगळं मावायचं कसं ते मामीलाच ठाऊक, आणि ती दोन वर्षांपूर्वी गेली.

अशा माणसाला प्राचीन संस्कृतींचं संग्रहालय दाखवायची हौस मला नव्हती. माझ्या लेकीला, पिंकीला, शाळेचा प्रकल्प होता. "मी पन येतो," म्हणत मामा सकाळी विरारला आमच्या दारात हजर. हातात ही जड पिशवी. गाडीत मुंबईपर्यंत ती मांडीवरच. विचारलं तर म्हणे, "हाय आपलं कायतरी."

संग्रहालयाच्या गेटवर रखवालदाराने पिशवी उघडली. आत टॉवेलात गुंडाळलेला वरवंटा. तो बिचारा बघतच राहिला. "काका, बाहेर पडताना लोक म्हणतील, इथलाच उचलला." शेवटी पिशवी ठेवून घेऊन त्याने टोकन दिलं. मामा ते दर दोन मिनिटांनी खिशात चाचपायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत इराकचा रांजण होता.

"हा आमच्या घरात होता. आई सुकट ठेवायची."

"मामाआजोबा, हा इराकचा आहे," पिंकी म्हणाली.

"मग आमच्याकडनंच गेला असंल."

इजिप्तची ममी आली. म्हटलं, आता तरी गप्प बसेल. छे! "आमचा आजा असाच झोपायचा. मच्छर फार ना." माझी बायको आमची ओळख नसल्यासारखी पुढच्या दालनात निघून गेली.

मग एका काचेच्या पेटीत हजारो वर्षांपूर्वीचा पाटा-वरवंटा दिसला. पिंकी आणि मी मामाच्या तोंडाकडे बघत थांबलो. मामा मात्र सरळ तिथल्या अधिकारी बाईंकडे गेला.

"बाई, कोनी वस्तू दिली तर ठेवता काय? खाली पिशवीत हाय."

"किती जुनी आहे, काका?"

"चाळीस वर्सं. एका अंगानं झिजलाय. आमची मंडळी डावरी होती." पुढे म्हणाला, "पोरगा घर पाडून नवीन बांधतोय. म्हनतो, मिक्सर हाय, दगड कशाला? माझ्यानं टाकवत नाय. तुम्ही कसं नीट ठेवता."

बाईंनी अगदी हळू आवाजात नाही म्हटलं. लाजलो होतो त्याची आता खरी लाज वाटली. म्हटलं, "मामा, आमच्याकडे ठेव."

आता वरवंटा आमच्या शोकेसमध्ये आहे. पिंकीने पुढे चिठ्ठी लावलीय: 'मामीआजीचा वरवंटा. अर्नाळा. हात लावू नये.' मामा दर रविवारी येतो, पाठीमागे हात बांधून समोर उभा राहतो. मी म्हटलं, "तू लाव की हात." तर म्हणतो, "नियम म्हंजे नियम."

परवा शेजारचे जोशी आले आणि विचारू लागले, हे काय? मामा पुढे झाला. म्हणाला, "हा आमच्या घरात होता."