व्हर्ब फ्रेजवर माझं व्याख्यान

भावनाची टुशन बंद करायची आणि तिचं इंग्रजी मी स्वतः घ्यायचं, असं एका रविवारी मटणाच्या जेवणानंतर मी जाहीर केलं. (भरल्या पोटी माझा आत्मविश्वास फार वाढतो.) जासईच्या कंटेनर यार्डात मी क्लार्क आहे आणि दिवसभर इंग्रजीत मेल पाठवतो. मेल रोज तोच असतो, पण इंग्रजीत असतो.

आठवीतल्या पोरीने पहिल्याच दिवशी विचारलं, "पप्पा, 'ही हॅज बीन ईटिंग' यात व्हर्ब फ्रेज कुठली?"

"खाणारा एक, मग क्रियापदं तीन कशाला? दोन खोड!" मी गरजलो.

"अहो पप्पा, तिन्ही मिळून एकच काम करतात."

"एका कामाला तिघं? सरकारी ऑफिस आहे काय!"

हे सगळं माझा मेहुणा निकेश सोफ्यावर बसून भक्तिभावाने ऐकत होता. निकेशची जमीन सरकारी प्रकल्पात गेली, पैसा आला आणि फ्लेक्सचा नाद लागला. दोन दिवसांत सुकापूरच्या नाक्यावर गॉगल लावलेला मी झळकलो: 'इंग्रजी व्याकरणाचे गाढे अभ्यासक मा. दयारामभाऊ'. तो फ्लेक्स शाळेच्या मुख्याध्यापिका अरुंधतीबाईंनी वाचला आणि मला भावनाच्याच वर्गात व्हर्ब फ्रेजवर बोलायला बोलावलं.

"पप्पा, नका ना येऊ," भावना रडवेली झाली. "वर्गात माझी काय इज्जत राहील?"

"भावोजी, नाय गेलात तं गावात माझं नाक जाईल," निकेश म्हणाला.

"जा की," माझी बायको विनिता म्हणाली. "मुलांची तेवढीच करमणूक."

गेलो. निकेश शाल, श्रीफळ आणि जीपभर कार्यकर्ते घेऊन आला होता. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, मान्यवरांची नावं झाली, मग राहिलेल्या मान्यवरांची नावं झाली. शेवटी मी उठलो, माइकवर टिचकी मारली, "विद्यार्थी मित्रहो" म्हणालो आणि तास संपल्याची घंटा झाली!

टाळ्यांचा कडकडाट झाला. निकेशच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मी शाल सावरत घरी आलो आणि विनिताला म्हणालो, "वेळेअभावी खोलात जाता आलं नाही, पण छाप पडली."

"घंटा वेळेआधीच झाली, पप्पा," भावना दप्तर ठेवत म्हणाली. "तुम्ही बोलायला उठलात की मारा, असं मीच शिपाईकाकांना सांगून ठेवलं होतं."

"आणि त्यांनी ऐकलं? काय दिलंस त्यांना?"

"मी मोठं चॉकलेट देत होते, पण त्यांनी घेतलंच नाही. म्हणाले, 'नको गो पोरी, पुण्याईच्या कामाचं मी काय घेत नाय.'"