अलकाताईंचा डावा मडगार्ड

अल खोबरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एखादी बाई डोळे मिटून, तळहाताखाली मलमलचा रुमाल धरून, परक्याच्या गाडीवरून हळूहळू हात फिरवताना दिसली असती, तर तुम्ही दचकला असता. मीही दचकलो होतो. त्या आमच्या अलकाताई टिपणीस. उघडा तळवा पत्र्याला चिकटतो, रुमालावरून सरकतो, आणि सरकला की उंचसखल कळतं, असं त्यांचं शास्त्र.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी माझीच होती. बँकेतली नोकरी धरून मला दोनेक महिने झाले होते आणि मी नुकतीच एक सेकंडहँड गाडी घेतली होती. "कुठे खरचटलेलीसुद्धा नाही," अशी विकणाऱ्याने शपथ घेतली होती. ताईंचा हात मागच्या दरवाज्यापाशी थांबला, जरा मागे गेला, परत पुढे आला.

"इथे लो आहे," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "हा दरवाजा कधीतरी चांगलाच आत गेलेला आहे हो. काम बरं केलंय, पण घाईत."

"आपण कोण?" मी विचारलं.

"वरच्या मजल्यावरची. चहाला या ना. बायकोलाही आणा."

चहा उत्तम होता. गाडीचा आनंद मात्र गेला तो गेलाच. मी अजूनही त्या दरवाज्याकडे बघायचं टाळतो.

पत्र्याला उंचवटा असेल तर 'हाय' आणि खळगा असेल तर 'लो'. ही वर्कशॉपमधली भाषा ताईंनी घरात आणली आणि सर्रास वापरायला काढली. आमटीत मीठ लो असायचं. समोरच्या हैदराबादी बाई "जरा हाय आहेत, पण बसतील हळूहळू." माझी बायको मृणाल एकदा माहेरच्या आठवणीने रडकुंडीला आली, तर ताई म्हणाल्या, "लो झालीस ना? लो जागेला वरून ठोकून काही होत नाही बाई, खालून टेकू द्यावा लागतो." आणि त्यांनी तिला आठवडाभर स्वतःच्या हातचं जेवायला घातलं. मला त्या कायम 'हाय' म्हणायच्या. का, ते मी विचारलं नाही.

ह्या बाई मूळच्या पेणच्या. नवरा, म्हणजे आमचे टिपणीससाहेब, अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर इंजिनिअर. सकाळी कंपनीच्या बसने जायचे ते संध्याकाळी उगवायचे. मुलगी बंगलोरला, मुलगा जर्मनीत. इथे बायकांना गाडी चालवायला परवानगी मिळाली तेव्हा ताईंनी पन्नाशीत लायसन काढलं आणि लगेचच पार्किंगच्या खांबाला गाडी घासली. ती दुरुस्त करायला त्या दम्मामच्या सनाइयात, म्हणजे वर्कशॉपांच्या वस्तीत गेल्या, आणि तिथेच अडकल्या.

ते वर्कशॉप फहद नावाच्या एका सौदी तरुणाचं. तो जुन्या गाड्यांना नवी अंगं करून देतो. कुणाचं छप्पर खाली आणतो, कुणाचे मडगार्ड फुगवतो. पत्र्याचं काम त्याच्याकडे श्रीवर्धनचे बशीरभाई करतात. ताई गेल्या तेव्हा बशीरभाई वाळूच्या पिशवीवर सपाट पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत होते आणि बघता बघता पत्र्याला खोली येत होती. ताई स्टुलावर बसून बघत राहिल्या. त्यांची गाडी दुरुस्त होऊन बाहेर उभी राहिली, तरी त्या बघतच होत्या. घरी साहेब बंद दारासमोर किल्लीविना उभे.

"मला शिकवा," असं ताईंनी म्हटल्यावर बशीरभाईंनी हातोडा खाली ठेवला.

"बाय, ह्यो पत्रा हाय. पुरनपोली नाय."

"पुरणपोळी लाटून बघा एकदा," ताई म्हणाल्या, "मग बोला."

फहद हसला. खाला, म्हणजे मावशी, दोन दिवसांत पळून जाईल असा त्याचा हिशोब होता. "मा फी मुश्किला, खाला. यल्ला," तो म्हणाला, म्हणजे काही अडचण नाही, चला. ताई पुढची कित्येक वर्षं जात राहिल्या.

टिग वेल्डिंग म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेत सांगू शकेन. उजव्या हातात टॉर्च, तिच्या टोकाला टंगस्टनची सुई. डाव्या हातात भरायची तार. पायाखाली पेडल, त्यावर करंट कमी-जास्त होतो. सुई पत्र्याला टेकवायची नाही. टेकली की उठा आणि पुन्हा घासून तिला टोक काढा. ठिणग्यांची आतषबाजी नसते. वितळलेल्या धातूचा एक चिमुकला थेंब असतो, त्याला सांभाळून पुढे पुढे न्यायचं, आणि त्याला हवा लागू नये म्हणून वरून आर्गॉन वायू सोडायचा.

पेडल त्यांना लगेच जमलं, कारण लहानपणी आईच्या पायमशीनवर त्यांनी ढीगभर परकर शिवले होते. डावा हात मात्र ऐकेना. तार बोटांच्या बोटांत सरकवत न्यायची असते. मग त्या सरावाला उदबत्ती घेऊन बसू लागल्या. टीव्ही बघताना, फोनवर मुलीशी बोलताना, आमच्याकडे जेवायला आल्या की वाढून होईपर्यंत, उदबत्ती बोटांतून पुढे पुढे, आणि टेबलाखाली उजवा पाय दाबला जातोय, सुटतोय. आमच्या एका पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "ह्यांना दाखवलंय का कुणाला?"

एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाला स्वतः ठोकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्या लुटल्या. वाट्या दिसायला देखण्या होत्या, फक्त एका जागी ठरत नव्हत्या. टेबलावर ठेवली की वाटी थोडा वेळ डोलायची, मग एका अंगावर कलंडून विचार करत बसायची. बायकांनी "अय्या, घरी केल्या?" म्हणत त्या पदराखाली घेतल्या. आमच्या घरी श्रीखंड अजूनही त्याच वाटीत वाढतात, आणि मी ते एका हाताने वाटी धरून खातो.

सगळं असं छान चाललेलं असताना साहेबांच्या निवृत्तीची तारीख आली. इथे नोकरी संपली की फायनल एक्झिट. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, सामान बांधा आणि कायमचे घरी जा. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी खोकी आणली. ताईंनी खोक्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या तडक फहदकडे गेल्या.

"जायच्या आधी एका गाडीवर माझ्या हातचा मडगार्ड चढला पाहिजे," त्या म्हणाल्या. "बाकी मला काही नको."

फहद तेव्हा आजोबांची जुनी अमेरिकन पिकअप उभी करत होता. आजोबा कतीफचे, समुद्राच्या खाऱ्या हवेने पुढचे दोन्ही मडगार्ड कुरतडले होते. त्याने डोकं खाजवलं आणि अट घातली: उजवा बशीरभाई करतील, डावा खाला. बशीरभाईंनी पास केला तर चढेल. नाहीतर तो अमेरिकेतून तयार मडगार्ड मागवणार. बशीरभाई माणूस प्रेमळ, पण पत्र्याच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सवलत देणार नाहीत, हे ताईंना माहीत होतं.

त्यांनी दोन अर्धुकं झकास ठोकली. आता मधला सांधा तेवढा वेल्ड करायचा होता. पण तोवर उन्हाळा लागला होता. सनाइयातला उन्हाळा काय असतो, ते पत्र्याच्या शेडखाली चामड्याचे हातमोजे आणि मास्क घालून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्यात टिग करताना पंखा, कूलर सगळं बंद, कारण वाऱ्याने आर्गॉन उडून जातो. इथला प्रत्येक नवा वेल्डर पहिल्या उन्हाळ्यात एकदा तरी कूलर लावतो आणि शिव्या खातो. ताई नव्या नव्हत्या. पण घाम डोळ्यांत उतरत होता, दिवस कमी उरले होते. त्यांनी कूलरचं तोंड भिंतीकडे केलं आणि म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

वारा भिंतीवर आपटून परत आला. सांधा काळा पडला आणि त्याला भोकंच भोकं पडली. "अनारशाला अशी जाळी पडली असती तर पेणमध्ये नाव झालं असतं," ताई नंतर म्हणाल्या, पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी त्यांनी सगळं घासून काढलं, पुन्हा वेल्ड केलं. उष्णता जास्त झाली आणि मडगार्ड पिळवटला. बशीरभाईंनी तो उचलून उजेडात धरला.

"ताणला बाय. आता ह्यो ऐकाचा नाय."

ताई घरी येऊन मुकाट्याने खोकी भरायला लागल्या. त्या हाय म्हणेनात, लो म्हणेनात. मृणालने भाजी नेऊन दिली तर "छान झालीय" एवढंच. घरात असं शहाणपण पसरल्यावर साहेब घाबरले. ते मला म्हणाले, "अहो, ही सरळ वागायला लागलीय. काय करू?" आणि दुसऱ्या सकाळी थर्मास भरून, पायांत बूट घालून, "अलका, चल," म्हणत दारात उभे राहिले.

नव्या पत्र्याचा दुसरा डावा मडगार्ड नवरा-बायकोने मिळून केला, असं म्हणायला हरकत नाही. अबकैकला माणसांच्या फौजेवर हुकूम चालवलेल्या साहेबांचं तिथे एकच काम होतं. ताईंनी एक टाका घातला, मास्क वर केला, की साहेबांनी नॅपकिनने त्यांचं कपाळ पुसायचं. पुसलं की मास्क खाली. फुंकर घालायला सक्त मनाई होती. एकदा त्यांनी प्रेमाने घातली, तर बशीरभाई ओरडले, "साहेब, ग्यास उडतो!"

पारखायच्या दिवशी मीच दोघांना गाडीने घेऊन गेलो, कारण त्यांची गाडी तोवर विकली गेली होती. बशीरभाईंनी मडगार्डावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. साहेब नॅपकिनने स्वतःचंच कपाळ पुसत होते.

"हितं जरा हाय हाय," बशीरभाई म्हणाले.

ताईंनी खालून लोखंडी ठोकळा धरून हातोडीने तीन-चार हलके ठोके दिले. बशीरभाईंनी पुन्हा हात फिरवला आणि फहदकडे वळले. "चढव."

फहदने "माशाअल्ला, खाला!" म्हणत टाळ्या पिटल्या. "खाला, आतल्या बाजूला नाव लिहू?" त्याने विचारलं. ताईंनी मान हलवली. "नाव नको. गाडी चालव."

परत येताना साहेब पुढच्या सीटवर झोपी गेले. ताई मागे बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "ताई, एका मडगार्डापायी केवढा जीव काढलात."

"पंचवीस-सव्वीस वर्षं राहिले मी इथे," त्या म्हणाल्या. "इकाम्यावर ह्यांची बायको म्हणून. घर भाड्याचं. मुलं इथे वाढली, पण त्यांनाही जावंच लागलं. काल हॉलमधलं सामान हललं तर मालकाने लगेच भिंती रंगवायला माणूस पाठवला. मी चहा करत होते आणि तो माझ्या देवघराच्या जागेवर पांढरा रंग फिरवत होता. वाईट नाही हो काही, रीतच आहे. पण मला वाटलं, आपण होतो इथे, असं एखादं तरी काही मागे राहावं. आपलं आपण केलेलं. चालतंफिरतं."

माझाही इकामाच आहे.

त्या गेल्या. वर एक केरळी कुटुंब राहायला आलं. भली माणसं आहेत, कुणाच्या गाडीला हात लावत नाहीत. पार्किंगमध्ये मला जरा चुकल्यासारखं होतं.

परवा दम्मामला ऑफिसला जाताना सिग्नलवर माझ्या डाव्या बाजूला एक निळी पिकअप येऊन थांबली. चकचकीत रंग, जुनं तोंड, आत फहद. मी घाईघाईने तिच्या मडगार्डाचा फोटो काढून ताईंना पेणला पाठवला. लिहिलं, "ताई, तुमचा मडगार्ड!" सिग्नल सुटायच्या आत उत्तर आलं: "हा बशीरभाईंचा आहे. उजवा."

मी कपाळावर हात मारून घेतला. पिकअप निघाली होती. मी सहसा कुणाच्या मागे लागणारा माणूस नाही. चहासाठीसुद्धा मला दोनदा बोलवावं लागतं. पण मी ऑफिसचं वळण सोडलं आणि तिच्या मागे लागलो. दोन चौक गेले. शेवटी हॉर्न वाजवून फहदला कडेला घेतलं. आपल्या गाडीचं काही गळतंय, असं वाटून तो धावत उतरला. मी त्याला फक्त "खाला" म्हटलं आणि व्हिडिओ कॉल लावला.

पेणला ताई ओट्याशी उभ्या होत्या. मी फोन डाव्या मडगार्डासमोर धरला, हळूहळू चाकावरून फिरवत नेला. फहद वाकून फोनमध्ये ओरडला, "खाला! कैफ हालिक?"

"बरी आहे रे," ताई मराठीतच म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "त्याला म्हणावं, इथे नको उभा राहूस. निघ. मला ती जाताना बघायची आहे."

फहद गाडीत बसला. मी रस्त्याच्या कडेला फोन उंच धरून उभा राहिलो, आणि आम्ही दोघं ती निळी पिकअप रहदारीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.