भागूबाईंनी दार लावून घेतलं

रामकिसनने जुनी सात-सीटर गाडी घेतली ती आईच्या डोळ्यांसाठी. भागूबाई वैजापूरजवळच्या खेड्यात एकट्या राहत आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दोन वर्षांत त्यांनी ऑपरेशनची तारीख तीनदा मोडली. तिसऱ्या वेळी तर त्या बसस्टँडवरून परत फिरल्या. बसमध्ये जीव घाबरतो, असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून रामकिसनने गाडी घेतली. ते ऐकून त्या म्हणाल्या, "गाडीत तर लईच घाबरतो."

शेवटी त्याच्या बायकोने, दीपमालाने, वाट काढली. नव्या गाडीला खुलताबादच्या भद्रा मारुतीचं दर्शन घडवायचंय, नारळ घरातल्या मोठ्या माणसाच्या हातानंच फुटला पाहिजे, असं सांगून त्यांना शुक्रवारी बजाजनगरला आपल्या घरी आणायचं आणि शनिवारी सकाळी गाडी खुलताबादऐवजी दवाखान्याकडे वळवायची.

"देवाचं नाव घिऊन खोटं बोलायचं?" रामकिसनने विचारलं.

"देवाला समजतं. त्यांनाच समजंना म्हणून तर," दीपमाला म्हणाली.

भागूबाई लगेच तयार झाल्या. अट एकच, त्यांची सुंभाची बाज बरोबर घ्यायची, कारण गादीवर त्यांना झोप लागत नसे. मग गाडीच्या टपावर कॅरियर बसवणं आलं. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या रामकिसनच्या मुलीने, मोनालीने, आजीच्या डोळ्यांना उन्हाचा त्रास नको म्हणून काचांना लावायचे काळे जाळीचे पडदे मागवले, आणि गाडी उभी असताना समोरच्या काचेला लावायचा चंदेरी पडदाही. वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर असलेल्या रामकिसनने तीन संध्याकाळी गाडीचं माहितीपुस्तक वाचलं, आणि डॅशबोर्डवरचं एकही बटण त्याला अनोळखी राहिलं नाही, निदान त्याची तशी समजूत झाली.

शुक्रवारी सकाळी बाज पाय वर करून टपावर चढली. रामकिसनने ती नायलॉनच्या दोरीने बांधली. मोनाली मागे आणि भागूबाई पुढच्या सीटवर बसल्या, आणि त्याने उत्साहाने त्यांचा हात धरून डॅशबोर्डवरची बटणं बोटाला लावून दाखवली.

"ही थंड हवा. ही गाणी. आन् हे दाबलं की सगळी दारं बंद. मग भाईरून कुनाला उघडत नाय."

"कुनालाच नाय?"

"कुनालाच नाय."

भागूबाईंनी त्या बटणावरून दोनदा बोट फिरवलं.

गंगापूर मागे पडल्यावर टपावरून आवाज यायला लागला. आधी गुणगुणल्यासारखा, मग कुणी दात खाल्ल्यासारखा. दोरी सैल झाली होती. रस्त्याकडेच्या एका चहाच्या हॉटेलापुढे रामकिसनने गाडी घेतली. मे महिन्यातलं बाराचं ऊन होतं. आईला गरम नको म्हणून त्याने इंजिन आणि एसी चालू ठेवला. मोनालीने पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावला, पुढच्या दारांनाही जाळ्या लावल्या आणि ती चहा सांगायला गेली. रामकिसन मागच्या चाकावर पाय देऊन वर चढला. त्याने गाठ सोडली, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दीपमालाचा होता. एका हाताने बाज धरून त्याने तो उचलला.

"हॅलो. हॅलो? आगं बोल की."

त्याला काही ऐकू येईना. येणारही नव्हतं. फोन गाडीला जोडलेला होता आणि दीपमालाचा आवाज खाली, बंद गाडीत, चारी स्पीकरमधून खणखणीत निघत होता.

"आहो, दवाखान्यातून फोन आलता. उद्या सातला आणा म्हनले. आधी साखर तपासणार हायेत, म्हणून उपाशीपोटी. तवर आत्याबाईंना मारुतीचंच सांगत ऱ्हावा. गेटमधी गाडी शिरली की कुठं जात्यात त्या!"

मग भागूबाई स्पीकरला म्हणाल्या, "उपाशीपोटी म्हंजी चहा बी नाय का, दीपमाला?"

बजाजनगरच्या स्वयंपाकघरात दीपमालाच्या हातातला झारा कढईत पडला.

रामकिसनने फोन खिशात टाकला. रेंज नाही, असं त्याला वाटलं. बोलणं चालूच आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच वेळी खालून चारी दारांचा एकदम 'खट' असा आवाज झाला.

तो खाली उतरला. दार ओढून पाहिलं, दुसरं ओढलं, मागचंही ओढलं. सगळ्या काचांना पडदे होते. आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"माय! बटण दाबलं गेलंय बघ. परत दाब!"

उत्तर आलं नाही. चहाचे तीन ग्लास घेऊन आलेली मोनाली तशीच उभी राहिली. किल्ली आत गाडीलाच होती आणि दुसरी घरी.

"आजीला चक्कर आली असंल तर, पप्पा?"

रामकिसन दोन्ही हातांनी काच बडवू लागला. हॉटेलातली माणसं जमली. एकाने दगड आणला. दुसरा म्हणाला, पुढची फोडू नका, महाग असते. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून फारूख पान्हा आणि लोखंडी पट्टी घेऊन आला. दार न फोडता उघडण्यात तो तरबेज होता. पट्टी काचेच्या फटीत घालण्याआधी त्याने काचेला कान लावला आणि हात वर केला.

"रुको, रुको भाऊ. चांगल्या हायेत. आत दोघी बोलायल्यात."

"दोघी?" रामकिसन ओरडला. "आत एकच हाये! माझी माय!"

"मला दोन आवाज येऊ लागलेत."

मोनालीच्या लक्षात सगळं आलं. तिने पप्पांच्या खिशातून फोन काढला. कॉल सुरू होऊन सहा मिनिटं झाली होती आणि पडद्यावर मम्मीचं नाव होतं. आवाज फोनवर घ्यायला तिने बोट पुढे केलं आणि पुन्हा मागे घेतलं.

"पप्पा, मम्मी बोलतीय आजीशी. तोडू का?"

रामकिसनने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "आजीला कळलं का सगळं?"

"कळलंच असंल."

दगड घेतलेल्या माणसाने दगड खाली ठेवला. फारूख काचेला कान लावून उभाच होता. ऐकावं की नाही, हे त्याला समजत नव्हतं.

"काय म्हनती?" रामकिसनने हळूच विचारलं.

"रडायल्यात."

"कोण?"

"दोघी बी."

आत भागूबाई जे सांगत होत्या ते त्यांनी मुलाला कधीच सांगितलं नव्हतं. त्यांची धाकटी बहीण फार वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन करायला गेली होती. पट्टी सुटल्यावर त्या डोळ्याने तिला शेवटपर्यंत दिसलं नाही. तिला हाताला धरून शिबिराला नेणाऱ्या भागूबाईच होत्या. दीपमाला ऐकत राहिली. वीस वर्षांच्या संसारात सासू तिच्याशी इतका वेळ कधी बोलली नव्हती. मग ती म्हणाली, "आत्याबाई, खोटं बोलले, चुकलं माझं. पण दवाखान्यात तुमचा हात मीच धरीन. डॉक्टरला पंधरा प्रश्न विचारीन, उत्तर पटलं नाय तर तशीच तुम्हाला घिऊन घरी यीन."

बाहेर फारूखच्या मदतीने रामकिसनने सुटलेली बाज टपावरून उतरवली, कारण ती अशीच राहिली असती तर कुणाच्या तरी डोक्यात पडली असती. लिंबाखाली बाज टाकून तो तिच्यावर बसला. चहा गार झाला होता. मोनाली शेजारी बसली.

सुमारे अर्ध्या तासाने दारं उघडली. भागूबाईंनी खाली पाय ठेवला आणि डोळ्यांवर हात धरून समोर पाहिलं. मुलाचा चेहरा त्यांना दिसला नाही, पण बाज ओळखू आली.

"खाली का घेतली रं? माघारी सोडतो का मला?"

रामकिसन उठला. "तू म्हनशील तसं, माय. जायचं आसंल तर आत्ता वळवतो गाडी. फसवून नेत होतो, ते बरं नाय केलं."

भागूबाईंनी पुढे होऊन बाजेला हात लावला.

"बांध वर," त्या म्हणाल्या. "सातला पोचायचंय ना? आन् ह्या वेळंला गाठ ह्या पोराला मारू दे. तुझी गाठ गंगापूरपासून वाजत आलीया."

फारूखने गाठ मारली. पैसे काही केल्या घेतले नाहीत. "बरं दिसायला लागलं की इकडून जाताना दाखवा मला, चाची," एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी सातला सगळे दवाखान्यात हजर होते. दीपमालाने डॉक्टरांना पंधरा नाही, बावीस प्रश्न विचारले. सतराव्या प्रश्नाला डॉक्टर खुर्चीत मागे टेकले, पण उत्तर प्रत्येकाचं दिलं. एका डोळ्याचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा भागूबाईंनी आधी स्वतःचा हात पाहिला, उलटा-सुलटा करून, आणि मग दीपमालाकडे बघून म्हणाल्या, "तू लई बारीक झालीस गं."

रामकिसन भिंतीला टेकून उभा होता. चष्म्याचा नंबर काढणारी मुलगी मोकळीच होती. ती म्हणाली, "काका, तुमचेही बघून घेऊ का? पैसे नाहीत त्याचे."

"माझ्या डोळ्याला काय झालंय?" म्हणत तो ऐटीत खुर्चीत बसला. उजव्या डोळ्याने त्याने सगळी अक्षरं तळापर्यंत घडाघडा वाचली. मग तिने त्याचा उजवा डोळा झाकला.

"आता शेवटची ओळ वाचा."

रामकिसन खुर्चीतून पुढे वाकला. "तिथं ओळ हाये का?"

मुलीने डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी दिवा लावून त्याच्या डाव्या डोळ्यात पाहिलं, मोतीबिंदू आहे म्हणाले आणि वय विचारलं. रामकिसन घाईघाईने उठला. कंपनीत सध्या लई काम हाये, दिवाळीनंतर बघू, एका डोळ्यानं मस्त चालतंय, असं तो दाराकडे सरकत सांगू लागला.

भागूबाईंनी नव्या डोळ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्या दीपमालाकडे वळून म्हणाल्या, "तू त्याच्यासंगं आत जा. मी दाराशी बसते."