न येणारा शब्द

इंग्रजी भाषा कोणी कशासाठी काढली हे नक्की सांगता येत नाही. अमळनेर तालुक्यात मात्र तिचा उपयोग मुलगी पाहण्यासाठी होतो. पोहे झाले की मुलाकडचा जाणता माणूस घसा खाकरतो आणि विचारतो, “अंब्रेला म्हणजे काय, बाई?” (स्वयंपाक येतो का, हे विचारणे आता मागासलेपणाचे समजतात. तो यायलाच हवा.)

विचारणाऱ्याने स्वतःला ठाऊक असलेलाच शब्द विचारावा असा दंडक असल्यामुळे भाषा आटोपशीर राहिली आहे. एकंदर शब्द तीसेक. बहुतेक फळांचे, वारांचे आणि घरातल्या सामानाचे. उरलेले नोकरीवाल्या मुलांसाठी राखीव.

सुकदेव आबांच्या नातीला, मंदाला, हे सगळे शब्द येत होते. अडचण तीच होती. खुद्द आबाही साठीनंतर सही करायला शिकले, तेही तिच्याच पाटीवर. जामनेरच्या पाहुण्यांनी तिला ‘नेबर’ विचारला. “शेजारी,” ती म्हणाली. “चूक. भाऊबंद,” पाहुणे म्हणाले. मंदाने पाहुण्यांना सुधारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण उंची जास्त वाटते. (मंदा आईच्या खांद्याला लागते.) पुढे नशिराबादच्या मंडळींनाही तीच उंची दिसली.

आता धुळ्याचा मुलगा येणार होता. कचेरीत कारकून. हेही स्थळ गेले तर धाकटीचे आधी उरकू, असे मंदाचा बाप गिरधर बोलून बसला होता.

आबांनी मंदाला ओट्यावर बोलावले. “एक शब्द भुली जाय, माय.”

“पन माले बठ्ठा शब्द येतस, आबा!”

“तेच तं दुखनं शे.”

“कोनता भुलू?”

“पोऱ्या जो इचारी तो.”

अंब्रेला, मँगो, वेन्सडे बिनबोभाट पार पडले. मग मुलाने स्वतः विचारले, “अर्जाच्या शेवटी ‘ओबीडियंट’ असते, त्याचा अर्थ?”

आज्ञाधारक. आबांचे सगळे अर्ज मंदानेच लिहिले होते. तिने आबांकडे पाहिले. आबा पोह्यांतला शेंगदाणा शोधत होते.

“नाही येत. तुम्हीच सांगा.”

मुलाचा चेहरा उजळला. “त्याचा अर्थ, खाली सही करणे.”

“आमना पोऱ्या भलता वाचेल शे!” मुलाचा मामा म्हणाला. निरोपाची वाट पाहावी लागली नाही. मुलगी जागेवरच पसंत पडली. उंचीही बेताची निघाली.

लग्नाच्या याद्यांवर आबांनी अंगठा उठवला.

“आबा, तुमले तं सही येस ना?” गिरधरने विचारले.

“भुली गऊ,” आबा म्हणाले.

वाचक महाशय, आपण हसलात, कारण आपल्याला अर्थ येतो. आपल्याही वेळी पोहे झाल्यावर कोणीतरी खाली मान घालून ‘तुम्हीच सांगा’ म्हणाले होते. शब्द कोणता होता ते आपण विसरला असाल. आपण सांगितलेला अर्थ तिला अजून पाठ आहे.